एका टोपणातलं पाणी

माझं अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकतं. चौथीपर्यंतच शिकले, तेवढं माफ करावं.

शेजारचे भाऊ यंत्रमागावर कामाला आहेत. उष्ट्याला इतकं जपणारा माणूस मी पाहिला नाही. आमच्याकडे पाणी प्यायले तरी तांब्या ओठांपासून वर धरतात, मग धुऊन पालथा घालतात. ते नशेची सुई टोचून घेतात, हे गल्लीला माहीत होतं. माझा धाकटा दीर त्यांच्यात बसू लागला, तेव्हापासून मला त्यांच्या चपलांच्या आवाजाचीही भीती वाटायची.

परवा ते दारात आले, पण आत येईनात.

"बरं का वयनी, माझ्या रक्तात काविळीचा जंतू निघालाय. धाकट्याला तपासायला न्या."

बिडी वळणारे माझे हात थांबले. "एकच सुई व्हती का, भाऊ?"

"न्हाय की! सुई ज्याची त्याची. पाणी तेवढं एका टोपणातलं. त्यातच पूड कालवायची, त्यातच सुई धुवायची. डॉक्टर म्हनले, तितनंच एकाचं रक्त दुसऱ्यात गेलं. डोळ्याला दिसत न्हाय. गोळ्यांनी बरं हुतंय, पन आधी कळाय पायजे."

दीर आतून ओरडला, "मला काय झालं न्हाय! घालवा त्याला!"

भाऊ पायरीवर बसले. "दे शिव्या. तू येस्तवर मी उठत न्हाय."

बऱ्याच वेळानं दीर बाहेर आला. तो इतका कापत होता, की पाय चपलेत जाईना. भाऊंनी वाकून त्याची चप्पल धरली. मी दाराला कडी घातली आणि त्या दोघांच्या मागून दवाखान्याकडे निघाले.