मागच्या खुर्चीवरची वही

दर रविवारी सकाळी कोथरूडच्या एका वाचनालयात आम्ही आठ-दहा जण जमतो आणि प्रोग्रॅमिंगच्या लायब्रऱ्यांची, म्हणजे आयत्या कोडच्या संचांची, माहिती, उदाहरणांच्या कोडसकट, मराठीत लिहून आमच्या साइटवर टाकतो. साइटच्या माथ्यावर मीच लिहिलं आहे : 'हे ज्ञान कुणाच्या मालकीचं नाही.'

मागच्या खुर्चीवर पन्नाशीचे एक गृहस्थ येऊन बसतात. साइटसाठी ते एक ओळही लिहीत नाहीत. पडद्यावरचा कोड बोटाने हवेत गिरवतात आणि वहीत उतरवून घेतात. नाव विचारलं की चष्मा पुसत बसतात. ते आमची मेहनत विकत असणार, अशी माझी खात्री होती.

एकदा मी सरळ विचारलं, "अहो, आपण याचं करता काय?"

"वारज्यात क्लास आहे. मुलांना शिकवतो."

"फी घेऊन?"

"घेतो की." त्यांनी वही पुढे केली. "हे तुमचं उदाहरण मुलांच्या कॉम्प्युटरवर चालत नाही. तुमच्याकडे चाललं होतं?"

मी चालवून पाहिलंच नव्हतं. व्हेरिएबलची, म्हणजे कोडमधल्या चलांची, नावं मराठीत करताना एका ओळीत जुनं इंग्रजी नाव तसंच राहिलं होतं, आणि तिथेच कोड अडत होता. आम्ही सगळ्यांनी ते पान तपासलं होतं, पण फक्त शुद्धलेखनासाठी.

मी ओळ दुरुस्त केली. "दुरुस्ती कोणाची म्हणून लिहू?"

"कुणाच्या मालकीचं नाही म्हणता ना? मग राहू द्या."

माझा संशय अजून गेलेला नाही. पण त्यांनी कोड तपासून वही मिटेपर्यंत मी कुठलंही पान साइटवर चढवत नाही.