मागचे दोन स्पीकर

उचगावातली माणसं जोतीराम अण्णांना देवमाणूस म्हणत्यात. म्हणू देत. त्यांच्या मोटरसायकलला साऊंड मी बसवलाय, त्यामुळं मला जे म्हाईत हाय ते गावाला न्हाय. मी सम्मेद. हायवेच्या कडंला माझं दुकान हाय, गाड्यांना स्पीकर बसवायचं.

अण्णांचा म्हशींचा गोठा हाय. वय छप्पन्न, आवाज असा की गोठ्यात शिंकले तर गल्लीत कळावं. प्रत्येक म्हशीला नाव ठेवलंय आणि नावानंच हाक मारणार. बायकोला मात्र नाव न्हाय. संयोगिताकाकींना तीस वर्षं 'अगं ए' वर भागवलंय. नरसोबाच्या वाडीची पुनव म्हणजे जीव की प्राण. महापुरात रस्ता बंद झालता ती एकच पुनव चुकली, तर त्याची हळहळ अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत्यात.

दोन वर्षांमागं एका डॉक्टरकडनं त्यांनी टूरिंगची मोठी गाडी घेतली. दोन्ही अंगाला पेट्या, मागं डिकी, मागच्या सीटला टेकायला पाठ. गोवा झालं, हंपी झालं, वाडी तर दर म्हैन्याला. काकी कायम मागं. लोक म्हणायचे, बघा, ह्या वयातबी बायकोला कसं फिरवतोय!

तर एक दिवस अण्णा दुकानात आले.

"सम्मेद, कंपनीचा साऊंड नुसता चिरकतोय. भारीतला बसव. आणि मागंबी दोन स्पीकर पायजेत."

"मागं कशाला, अण्णा? चालवणारा तर पुढं बसतोय की."

अण्णांनी इकडंतिकडं बघितलं आणि हसले. "मागं एक टेप सुरू असती रे. तिच्यावर टाकायचाय."

टेप म्हणजे काकी. अण्णांची एकुलती एक लेक वर्षाराणी. तीन वर्षांमागं तिनं दुसऱ्या जातीतल्या पोराशी लगीन केलं आणि गारगोटीला राहायला गेली. तवापासनं घरात तिचं नाव काढायचं न्हाय. काकींनी विषय काढला की अण्णा उठून गोठ्यात. पण गाडीवरनं उठून जाणार कुठं? काकींनी हे बरोबर हेरलेलं. उचगाव ते वाडी तास-सव्वा तास, म्हैन्यातनं तेवढाच येळ नवरा जाग्यावर सापडायचा. मग त्या मागनं कानात सांगत राहायच्या, एकदा लेकीकडं चला म्हणून.

"डोकं उठतंय," अण्णा म्हणाले. "देवाला जाताना तरी शांतता नको व्हय?"

मी हसलो. तोंड दाबून बिबून न्हाय, चांगला टाळी देऊन हसलो. हे सांगताना आज मला माझीच लाज वाटती, पण हसलो ते हसलोच.

आणि काम असं केलं म्हणता! सीटखाली अँप्लिफायर, पुढं दोन मोठे स्पीकर, आणि डिकीच्या झाकणात दोन, तोंड थेट मागं बसणाऱ्याच्या कानाकडं. गाडीचा वेग वाढला की आवाज आपोआप वाढतोय, अशी सेटिंग. दुकानाच्या काचा थरथरल्या. अण्णा खूश होऊन चहा सांगायला गेले.

तेवढ्यात काकी आल्या. गोठ्यातनं तशाच आल्या हुत्या, हाताला पेंडीचा वास.

"सम्मेद, मागचे दोन बारीक करता येत्यात काय रे?"

"काकी, मालक सांगतील तसं."

"ऐक तरी. वर्षाला आठवा म्हैना हाय. अंगावर सूज आलीया, बीपी उतरंना. पोरगी म्हणती, अण्णांना एकदा घेऊन ये. एकटी गेले तर परत उंबरा चढायचा न्हाय म्हणून ह्यांनी सांगितलंय. मी तेबी सोसंन. पण तिला बाप पायजे. ह्या पुनवेला मी पाया पडून सांगणार हाय. तेवढं ह्यांच्या कानावर जाऊ दे."

मी पक्कड पुसत बसलो. "मालकाला विचारा," म्हणालो. वर अण्णा आल्यावर त्यांना हे सगळं सांगितलंबी. अण्णांनी माझ्या पाठीत थाप मारली आणि म्हणाले, "तू माझा माणूस हाईस. पुनवेला संगं चल, रस्त्यावर कसा वाजतोय ते तूच ऐक."

पुनवेला सकाळी निघालो. अण्णांच्या डोक्याला हेल्मेट, काकींच्या डोक्याला पदर. मी मागं माझ्या गाडीवर. भक्तिगीतं अशी दणाणत हुती की शेतातली माणसं वळून बघायला लागली. हातकणंगलेपर्यंत काकी अण्णांच्या कानाशी वाकून काहीबाही सांगत हुत्या. अण्णा मान डोलवत हुते, गाण्याला.

हातकणंगले सोडलं आणि काकींनी फोन काढला. पदराखाली धरला, दुसऱ्या कानात बोट घातलं, पार वाकल्या. मग अण्णांच्या पाठीत बुक्की मारली. एक, दोन, तीन. अण्णांनी वेग वाढवला. वेगासंगं आवाज वाढला. आरशातनं माझ्याकडं बघून त्यांनी अंगठा वर केला. काकी मागं वळल्या, तोंड उघडं, हात हलवत मला काहीतरी सांगत हुत्या.

मीबी हात हलवला. मला वाटलं, टेप सुरू झाली.

जयसिंगपुरात सिग्नलला थांबलो तवा आवाज खाली आला. काकींच्या कानाला परत फोन हुता. त्या नुसतं ऐकत हुत्या. मग फोन पिशवीत ठेवला आणि सरळ बसल्या.

"बघ," अण्णा मला म्हणाले, "गप बसली का न्हाय? पैसा वसूल!"

वाडीत पोचलो. अण्णांनी हार घेतला, पेढे घेतले. "चल," काकींना म्हणाले.

"तुम्ही जाऊन या."

"का? पाय दुखत्यात व्हय? बस मग हितंच." आणि गर्दीत गेले.

मी गाडीपाशी थांबलो. काकी पायरीवर बसल्या. माझ्याकडं न बघता बोलल्या.

"वर्षा गेली."

मला कळंना. "कुठं गेली?"

"रातीला झटके आले म्हणून दवाखान्यात नेलती. मघाशी पहिला फोन तिनंच केलता. काहीतरी म्हणत हुती. 'आई' एवढंच कळलं. पुढचं तुझ्या स्पीकरनं ऐकू आलं न्हाय. दुसरा फोन जावयाचा हुता. पोरबी वाचलं न्हाय."

मी मूर्खासारखं म्हणालो, "काकी, मग अण्णांना आत कशाला जाऊ दिलंसा? सांगायचं न्हाय व्हय?"

"जाऊ देत. त्यास्नी शांतता पायजे हुती."

लगीन झालेल्या लेकीचं आईबापाला तीन दिवसांचं सुतक असतंय. त्यात देवळाची पायरी चढायची न्हाय. म्हणूनच काकी भाईर बसल्यात, हे मला तवा उमगलं. आणि आत अण्णा अभिषेक करत हुते.

अर्ध्या तासानं आले. कपाळाला गंध, चेहरा प्रसन्न. काकींच्या हातावर पेढा ठेवायला गेले. काकींनी हात मागं घेतला.

"वर्षा मेली. आपण हातकणंगले सोडलं तवा जिती हुती, जयसिंगपुरात मेली."

अण्णांच्या हातातला पेढा तसाच राहिला. मी मनात म्हणालो, आता हंबरडा फोडतील. लेक हाय, काळीज हाय का न्हाय माणसाला?

"अगं भवाने!" ते ओरडले, एवढ्यानं की हारवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. "मग मला आत जाऊ दिलंस? सुतकात अभिषेक झाला की माझ्या हातनं! एवढी वर्षं एक नेम मोडला न्हाय मी!"

काकी उठल्या. आवाज चढवला न्हाय.

"तुम्हाला कसलं सुतक? ज्या दिवशी तिनं लगीन केलं त्या दिवशी पंचगंगेवर जाऊन, लेक मेली म्हणून तुम्ही आंघोळ करून आलासा. तुमचं तवाच फिटलं. माझं आज लागलंय."

अण्णांनी पेढ्याचा पुडा माझ्या हातात दिला.

"हिच्याजवळ थांब जरा," म्हणाले. "ह्यावर काय प्रायश्चित्त असतंय ते मी गुरुजींना विचारून येतो."

आणि देवळाकडं गेले. त्यास्नी पायरीवर चपला काढताना मी बघितलं. काकींनीबी बघितलं. मग त्या माझ्या गाडीवर मागं बसल्या आणि म्हणाल्या, "गारगोटी."

अण्णा येईपर्यंत आम्ही थांबलो न्हाय.