सोनकिड्याची छाती

नातीनं शाळेसाठी किड्याचं चित्र काढलं आणि सहाही पाय पोटाला चिकटवले. मी म्हटलं, "पाय, पंख, सगळं छातीलाच असतं गं."

"तुला कसं ठाऊक, आज्जी?"

माझ्या बोटांना ठाऊक होतं. लहानपणी शहापुरात आमच्या हातमागाशेजारी बसून मी, परकरातली दीडशहाणी, हिरव्या सोनकिड्याला उडवायला रेशमाचा दोरा बांधत होते. बाकीची पोरं मानेला सैल बांधायची. मी कशाला तशी बांधतेय? वडिलांनी मला नुकतीच तुटका धागा सांधायची गाठ शिकवलेली. तीच मी त्याच्या छातीवर आवळली. किडा उडेना. पंखांवरची हिरवी झाकणं उघडून तो नुसता थरथरत राहिला आणि ती थरथर माझ्या बोटांत उतरली.

"सोड की गं त्याला!" थोरली आक्का ओरडली.

सोडवायला गेले, तर गाठ राहिली आणि पंखच हातात आला. तरी तोंड वर करून म्हणाले, "बघ आक्का, माझी गाठ सुटत न्हाय!"

नातीनं पाय खोडून पुन्हा काढले.

"छाती जरा रुंद काढ गं," मी म्हटलं.

"पुस्तकात एवढीच आहे, आज्जी."

"असू दे. तू काढ."