बिळातला हात

लग्नानंतर पहिल्यांदाच मी सासूबाईंबरोबर डोंबिवलीच्या खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला गेलेले. माझं माहेर साताऱ्याकडचं, चिखलात पाय टाकायचीही भीती वाटत होती. सासूबाई कांदळाच्या झाडाच्या मुळाशी बसल्या आणि त्यांनी एका बिळात कोपरापर्यंत हात घातला.

"मऊ लागते गो. कवच टाकलेली मादी हाय," त्या म्हणाल्या आणि लगेच कळवळल्या. मादीचं नवं कवच कडक होईपर्यंत नर तिची राखण करतो. त्यानेच नांगीत त्यांचं बोट पकडलेलं.

भरती सुरू झालेली. मी त्यांचा दंड ओढायला गेले, तर त्या ओरडल्या, "खेचू नको! बोट तुटंल. हललो नाय तर तो आपणच सोडंल."

पाणी त्यांच्या छातीला लागलं, मग खांद्याला. मी त्यांची हनुवटी वर धरून बसले.

अखेर त्याने बोट सोडलं. काळंनिळं झालेलं, पण शाबूत होतं.

बांधावर आल्यावर मला रडू फुटलं. "आई, पुन्हा हात घालायचा नाही."

"त्याच्या घरात आपणच घुसलेलो," त्या म्हणाल्या.

पुढच्या वेळी त्या लोखंडी आकडी घेऊन उतरल्या. तरी मी पाण्यावरची नजर काढली नाही.