तेरच्या माठात गेलेला हात

"तुझ्या फोटोत सगळं एका नजरेत कळतं. दुसऱ्यांदा बघायला उरतंच काय?" वैष्णवी एवढंच म्हणाली आणि मी चिडून फोन ठेवला. कॉलेजही मी असंच सोडलं, दुसऱ्या वर्षाला, एका भांडणात. पण तिचं वाक्य काही डोक्यातून जाईना. सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि धाराशिवच्या स्टँडवर तेरची बस धरली. ती पुन्हा बघेल असा एक तरी फोटो काढायचाच!

तुम्ही जाणार असाल तर लवकरची बस पकडा, दुपारचं ऊन फोटो खाऊन टाकतं. तासभर धरून चला. उतरल्यावर मिरचीभजी खाल्ली. तिकीट, चहा सगळं धरून दोनशेच्या आत भागलं. विटांचं जुनं देऊळ सगळेच बघतात, तुम्हीही बघा. मी मात्र तिथून कुंभारांच्या गल्लीत शिरलो.

सुभद्रामावशी अंगणात ओले माठ थापटत होत्या. त्यांच्याकडून एक भाजलेलं मडकं विकत घेतलं. डोक्यात कल्पना पक्की होती: फुटलेलं काळीज! तिथंच उंबऱ्यासमोर मडकं आपटलं आणि खापरांवर कॅमेरा रोखला.

"आरं ए मुडद्या!" मावशी ओरडल्या. "दारात मडकं फोडतूस? कोण मेलंय व्हय आमच्यात?"

मयताला फोडतात तसं मडकं मी नांदत्या घरापुढं फोडलं होतं. तरी तोंड गप्प बसेना. "मावशी, ही कला आहे. याचा अर्थ वेगळा आहे."

"तर मग लिहून चिकटव फुटूवर." मग मला न्याहाळत म्हणाल्या, "पोरगी रुसली व्हय?"

घ्या! त्यांनाही एका नजरेत कळलं.

मुकाट्यानं खापरं वेचली, अंगण झाडून दिलं. त्या पुन्हा कामाला लागल्या. "चाकाला आमी बाया हात लावत न्हाय. चाक ह्यांचं, थापटनं माझं." उजव्या हातात लाकडी थापटणं, बाहेरून. डाव्या हातात दगडी गोटा, माठाच्या आत आधाराला. बघता बघता तो हात कोपरापर्यंत काळोखात गेला.

"मावशी, फोटो काढू?"

"काढ की. पर फोडू नगंस काही."

चेहरा वगळला, थापटणं वगळलं. फक्त माठाचं तोंड आणि आत गेलेला हात.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या काकांना दाखवला. "लोणी काढत्यात जनू," ते म्हणाले. कंडक्टर वाकला, "न्हाय ओ, हात अडकलाय बाईचा!" दोघांची चांगलीच जुंपली. माझी छाती लई फुगली. जे मी दाखवलंच नव्हतं, त्यावरून दोन शहाणी माणसं भांडत होती.

घरी काळीपांढरी प्रिंट भिंतीवर लावली. आई म्हणाली, "काय हरवलंय रे हिचं?" मावशींसाठीही एक काढून ठेवलीय, ती द्यायला जायचंय.

वैष्णवीला फोटो पाठवला. एरवी खाली चार ओळींची शायरी टाकतो, या वेळी एक शब्द नाही. दुपारी तिचा मेसेज आला, "हात आत चाललाय की बाहेर येतोय?"

जीभ शिवशिवली. तरी सांगितलं नाही.

संध्याकाळी पुन्हा मेसेज: "मला वाटतं, आतून कुणीतरी धरलाय."