सोमवारचे ओट्स

आमच्या घरात ओट्स आले ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि आले त्याच दिवशी मी त्यांच्यावरून खोटं बोलले.

सासूबाईंना मधुमेह. सोमवारी सकाळी गोळी घ्यायच्या, दिवसभर उपवास आणि संध्याकाळी दिवा लावून सोडायचा, हा त्यांचा नेम. साबुदाणा खाल्ला की साखर चढायची, काहीच नाही खाल्लं की उतरायची. एका सोमवारी दूध तापवता तापवता त्या गॅससमोरच खाली बसल्या आणि उठेचनात. ठाकुर्लीतले आमचे डॉक्टर त्यांना रागावलेच. "आजी, उपवास बंद करा. ते होत नसेल तर ओट्स खा. पण उपाशी राहायचं नाही."

उपवास बंद होणं शक्यच नव्हतं. माझा नवरा दोन वर्षांचा असताना तापात त्याला झटके आले होते. तेव्हा गावच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या शंकराला बोलल्या होत्या की माझं पोर वाचव, मी जन्मभर सोमवार करीन. पोर वाचलं. त्याला आता टक्कल पडलंय, चष्म्याचा नंबर वाढलाय, तरी त्याच्यासाठीचे सोमवार चालूच होते.

घरी आल्यावर त्यांनी ओट्सचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "हे धान्य आहे का गं?"

उपवासाला काय चालतं हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. वरी चालते, राजगिरा चालतो, शिंगाडा चालतो. तांदूळ, गहू, ज्वारी नाही. ओट्स यात कुठेच बसत नव्हते. त्यांच्या माहेरी ते कुणी पेरले नव्हते की दळले नव्हते.

"मराठीत काय म्हणतात याला?"

"ओट्सच म्हणतात, आई. गवताचं बी आहे. वरीसारखं. चालतं."

गवताचं बी हे खरंच होतं. गहूसुद्धा गवताचंच बी, पण तेवढं मी बोलले नाही. शाळेत शिकलेलं जीवशास्त्र इतक्या वर्षांनी कामाला आलं ते असं.

पहिल्या दिवशी त्यांनी जिरं, मिरची आणि दाण्याचं कूट घालून ओट्स शिजवले आणि एक घास खाऊन म्हणाल्या, "याने पतंग चिकटवता येईल." पण हळूहळू त्यांना ते आवडायला लागले. सोमवारची चक्कर थांबली. डॉक्टर खूश, नवरा खूश, आणि मी तर स्वतःवर भलतीच खूश होते.

मग एका सोमवारी नवऱ्याची स्कूटर खड्ड्यातून घसरली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. सासूबाई हळद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझे सोमवार आहेत म्हणून थोडक्यात निभावलं." मी देव मानत नाही. पण त्याच्या कोपराला मलम लावताना मी ओट्सचे सोमवार मोजत होते. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाजही वाटत होती. तरीही पुढच्या सोमवारी मी ओट्सचीच वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

श्रावणातल्या चौथ्या सोमवारी ते अंगाशी आलं. नवीन लग्न झालेली मुलगी पाच वर्षं श्रावणी सोमवारी महादेवाला शिवामूठ वाहते, दर सोमवारी वेगळ्या धान्याची मूठ. चौथ्या सोमवारी जव. खालच्या मजल्यावरची नवी सून सासूबाईंना सोबत घेऊन देवळात गेली. मी घरून काम करत होते. दीडच्या सुमाराला त्या परत आल्या, पाय धुतले, पण पानावर बसल्या नाहीत. मी ओट्सची वाटी पुढे ठेवली होती, तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"त्या पोरीला जव मिळाले नाहीत," त्या म्हणाल्या. "दुकानदाराने हेच दिले. गुरुजी म्हणाले, धान्यच आहे, वाहा." मग माझ्याकडे वळल्या. "खरं सांग. धान्य आहे?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो, आई."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसल्या आणि वाटी हाताने लांब सारली. "तू खोटं बोललीस त्याचं मला काही नाही गं. तू माझ्यासाठीच बोललीस. पण मी त्याला शब्द दिला होता. माझा शब्द खोटा पडला." मग म्हणाल्या, आज पाणीसुद्धा नको.

सकाळची गोळी पोटात होती. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता. मी साखर आणली, त्यांनी ओठ मिटून घेतले. मी पाया पडले, त्यांनी पाय मागे घेतले. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, त्यांचा, माझा आणि त्या दुकानदाराचासुद्धा.

"तुमचे सोमवार मला द्या," मी म्हणाले.

"तुला? चतुर्थी कधी असते ते तुला कॅलेंडर बघूनही कळत नाही."

"शिकेन."

"आणि जे मोडले त्यांचं काय?"

"ते माझ्या माथी. तुम्ही खाल्लं नाही, मी खायला घातलं." तरी त्या हलेनात, तेव्हा मी म्हणाले, "आई, तो माझाही नवरा आहे."

त्यांनी पदराने कपाळावरचा घाम पुसला. मग भिंतीला धरून उठल्या, मला देवापुढे नेलं, हातात सुपारी दिली आणि स्वतः बोलल्या होत्या तेच शब्द माझ्याकडून वदवून घेतले. "जन्मभर हं. मध्ये सोडायचं नाही." मी मान डोलावली. "आणि माझ्यासारखं फसायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसून वाटी पुढे ओढली. "गार झालंय. गरम करून आण."

आता सोमवारी त्या माझ्यासमोर कांदेपोहे खातात, वर लिंबू पिळून. मी साबुदाणा चावत बसते, जो मला लहानपणापासून आवडत नाही.

मागच्या सोमवारी कोलशेतच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने डबा उघडून पुढे केला. तिने घरी केलेली बिस्किटं होती. "अगं घे ना, ओट्सची आहेत. मैदा अजिबात नाही. तुझ्या उपवासाला चालतील."

दुपारचे चार वाजले होते. पोटात कावळे ओरडत होते, आणि घरचं कुणी बघत नव्हतं. मी डब्याचं झाकण लावून तो तिच्याकडे सरकवला.

"नको गं," म्हणाले. "ते धान्य आहे."