जर्दाळूचं कडं

आमच्या मार्गिलान शहरात पाळणे करणारे पुष्कळ, पण गाडीच्या दारातल्या स्पीकरखाली बसवायची गोल लाकडी कडी करणारा एकच, उस्ता ममासोली. उस्ता म्हणजे उस्ताद कारागीर. तोही मुळात पाळणेवालाच. आमच्याकडे बाळाला पाळण्यात बांधून निजवतात आणि तळाला भोक पाडून खाली शू-शीसाठी भांडं लावतात. उस्ताने तीस वर्षं ती भोकं पाडली. मग कारखान्यातले पाळणे आले आणि तो स्पीकरकडे वळला.

"आधी भोकाखाली भांडं होतं, आता स्पीकर," तो म्हणायचा. "आवाज दोन्हीकडे येतोच."

हत्यारं पाळण्याचीच. मधोमध खिळा, त्याभोवती फिरणारी लाकडी पट्टी, पट्टीला दोन भोकं. एकात पेन्सिल घालून आतलं वर्तुळ, दुसऱ्यात घालून बाहेरचं. मग हाताच्या ड्रिलने छिद्र, त्यातून बारीक करवत, शेवटी कानस आणि अळशीचं तेल. पट्टी एकच, म्हणून मापही एकच. कोणी म्हणालं, "माझा स्पीकर मोठा आहे," तर उस्ता म्हणे, "मग चुकीचा आणलायस."

मी टॅक्सी चालवतो. नुसत्या पत्र्यावर स्पीकर बसवला की दारच गायला लागतं, म्हणून मी त्याच्याकडून प्लायवूडची कडी बसवून घेतली होती. पण मी गाडी रोज धुतो. वर्षभरात प्लायवूडचे पापुद्रे सुटले.

"तुला अख्खं लाकूडच हवं, नोसिर," उस्ता म्हणाला आणि कोपऱ्यातल्या चादरीकडे बघत बसला.

चादरीखाली काय आहे ते सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. मुलीच्या बाळाला पाळणा तिच्या आईवडिलांनी द्यायचा, पण बाळ जन्मल्यावर. आधी करून ठेवायचा नाही. उस्ताने आपल्या मुलीच्या, मुकद्दसच्या लग्नाच्या आठवड्यातच करून ठेवला. जर्दाळूचं लाकूड हाती लागलं होतं, त्याला राहवलं नाही. त्याला सात वर्षं झाली आणि मुकद्दसला मूल नव्हतं. त्याची बायको आयदीन आपा लग्नाच्या आठवड्यात काही बोलली नाही. पुढची सात वर्षं बोलली.

उस्ताने चादर काढली.

"उस्ता, राहू द्या. मी गाडी धुणं बंद करतो."

"तू? लाकूड धर."

आपा दारात उभी होती. "कापा एकदाचं," ती म्हणाली.

त्याने कापलं. रडला नाही, डोळ्यात भुसा गेला असंही म्हणाला नाही. माझ्या चार दारांची चार कडी झाली, उरलेलं चुलीत गेलं. मला फार वाईट वाटलं. कडी मात्र उत्तम झाली होती.

पुढच्या वर्षी जर्दाळू फुलला तेव्हा मुकद्दसला मुलगी झाली.

"बघा," आपा म्हणाली.

"काय बघा? जावयाने डॉक्टर बदलला होता." एवढं बोलून उस्ताने चार दिवसांत तुतीचा नवा पाळणा केला. तो माझ्याच टॅक्सीच्या टपावरून गेला.

मुलीने पाठ टेकली आणि सूर लावला. तीन म्हाताऱ्यांनी बांधून पाहिलं, गाऊन पाहिलं. आठवडा झाला, पाळण्यात ती झोपेना. शेवटी जावयाची आई म्हणाली, "कारखान्यातला आणून बघू या का?" उस्ताने चहाची पियाली खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मायलेकींना दवाखान्यात नेलं. रेडिओवर हवामान चालू होतं. पहिला कोपरा यायच्या आत मुलगी झोपली. परततानाही तेच. मी जाऊन उस्ताला सांगितलं.

तो स्क्रूड्रायव्हर घेऊनच बाहेर आला. "डोकं कुठल्या बाजूला होतं?"

"मागे, डावीकडे."

त्याने मागचं डावं दार उघडलं, स्पीकर माझ्या हातात दिला आणि कडं खिशात घातलं. मुकद्दसच्या घरी नव्या पाळण्याच्या भोकाखाली ते लावलं. तंतोतंत बसलं, पट्टी एकच होती.

मुलगी त्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशीही रडली. तिसऱ्या दिवशी झोपली. आपा या वेळी 'बघा' म्हणाली नाही.

"हवा बदलली," उस्ता म्हणाला आणि पाळण्याला तळहात लावून संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

माझं मागचं डावं दार तेव्हापासून खडखडतं. गिऱ्हाइकं कुरकुरतात. उस्ता दर महिन्याला विचारतो, "प्लायवूडचं बसवून देऊ?"

मी नको म्हणतो.